एकाच केसपेपरवर

7 जुलै 2025, सोमवार

एकादशी काल झाली. आज सकाळी नऊलाच केसपेपरच्या खिडकीशी रांग लागली होती. पाऊस धरून आहे, भाताच्या लावण्या सुरू आहेत. दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बायांची कंबर, गुडघे, मनगटं या दिवसांत एकदमच कुरकुर करायला लागतात. "सुई द्या म्याडम, लावण उरकायची हाय," एवढंच मागणं असतं. पाटण तालुक्यातल्या या डोंगराळ भागात गुडघेदुखी म्हणजे डायक्लोफेनॅकची सुई आणि चार गोळ्यांची पुडी, असं लोकांनी धरून ठेवलंय. आम्ही डॉक्टरांनीही ते मोडून काढलेलं नाही.

दुपारी एक माळकरी आक्का आल्या. वय साठीच्या पुढे. दरवर्षी पायी वारी करायच्या, औंदा गेल्या नाहीत. गुडघे तपासले. वाकवताना कुरकुर, आतल्या बाजूला दुखरेपणा, सूज फारशी नाही. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जातो. झीज आहे, दुसरं काही नाही. केसपेपर लिहून झाला आणि उठता उठता आक्का म्हणाल्या, "टीव्हीवर पंढरपूर दावत हुते काल. मी बंद कराय लावला."

त्यांना पुन्हा बसवलं. झोप विचारली. "दोनला जाग येती, मग कोंबडं आरवंस्तवर तशीच." जेवण? "घास तोंडात फिरतुया." आणि भजन? शिमग्यापासून भजनाला जाणं बंद. "खाली बसाय येत न्हाय. सगळ्या सतरंजीवर आन मी एकटी खुर्चीवर, लोक बघत्यात."

तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा जो तपासणी फॉर्म आशाताई घरी जाऊन भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज 6 पैकी. बेरीज 3 च्या वर गेली की पुढे नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली विचारायची. आक्कांचे दोन प्रश्नांत 5 आले आणि नऊ प्रश्नांत 27 पैकी 16. म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. महिन्या-दोन महिन्यांनी गुडघ्यासाठी त्या इथं येतच होत्या. केसपेपरवर मात्र फक्त गुडघा लिहिलेला आहे.

8 जुलै

रात्री उशिरापर्यंत आक्कांचाच विचार. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. शरीराला जाणवणारा आणि भावनेला लागणारा असा तो एकच अप्रिय अनुभव, ही मूळ भूमिका 1979 पासूनची. ती नव्या व्याख्येतही कायम आहे. शिकताना हे पाठ केलं होतं. इथं ते रोज समोर बसतं.

यात गूढ काही नाही. मेंदूकडून मणक्यातून खाली येणाऱ्या काही वाटा असतात, त्या खालून वर येणारी कळ दाबून धरतात. त्यांचं काम सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालतं, आणि नैराश्यावरची बरीच औषधंही याच रसायनांवर काम करतात. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढ्याच झिजेचा ठणका जास्त लागतो. दुखतं म्हणून माणूस बसून राहतो, मांडीचे स्नायू आटतात, भार थेट सांध्यावर येतो, आणखी दुखतं. घराबाहेर जाणं बंद झालं की मन आणखी खचतं. चक्र कुठून सुरू झालं ते शोधत बसण्यात अर्थ नाही. जिथं हात पोचेल तिथं ते अडवायचं, आणि दोन्हीकडे हात पोचत असेल तर दोन्हीकडून.

14 जुलै, सोमवार

आबा आले. सत्तरीला टेकलेले, मुंबईत माथाडी होते. या तालुक्यातल्या घराघरांत माथाडी सापडतो. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील इथलेच, आणि 1969 चा माथाडी कायदा झाला तेव्हा त्याचा आनंद या डोंगरातल्या वाड्यांनीही केला असणार. आबांनी ऐन उमेदीत शंभर किलोची गोणी पाठीवर वाहिली, आधी मशीद बंदरला, मग वाशीला. निवृत्त होऊन गावी आले. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेत, उजव्यात पाणी आहे. मुलगा कोपरखैरण्याला. घरी आबा आणि म्हातारी.

पिशवीतून गोळ्यांची पाकिटं निघाली. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, दिवाळीपासून. सोबत बिननावाच्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या, "यानं लय गुण येतो." अशा पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. रक्तदाब 170/100. जळजळ, संडास काळसर होतो का विचारलं, नाही म्हणाले. क्रिएटिनिनसाठी रक्त घेतलं. स्टेरॉइड इतके दिवस घेतलं असेल तर एकदम तोडता येत नाही, म्हणून पुडी ठेवून घेतली आणि ती हळूहळू कशी उतरवायची ते ग्रामीण रुग्णालयाच्या फिजिशियनना फोनवर विचारून लिहून दिलं.

दोन प्रश्न विचारले तर आबा हसले. "मनाला काय झालंय? गुडघ्याचं बोला." मग मी मनाचं नाव न काढता विचारलं, दिवस कसा जातो? पहाटे चार ते संध्याकाळपर्यंतचा सगळा दिवस त्यांनी सांगितला आणि त्या दिवसात एकही माणूस नव्हता. पारावर जात नाहीत, कारण तिथून उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. "ज्यानं गोण्या उचलल्या त्याला उचलायची येळ आली."

प्रश्नावलीतला नववा प्रश्न जिवाचा असतो. तो गाळू नये आणि आडवळणानंही विचारू नये. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घातला जातो ही समजूत खोटी आहे. उलट विचारलं की माणसाला हलकं वाटतं. दार लोटून घेतलं, खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली आणि म्हटलं, "आबा, जगणं नकोसं होतं का? जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. बाहेर सिस्टर लसीकरणाच्या मुलांची नावं पुकारत होत्या. तीन-चार नावं झाली.

"येतं," आबा म्हणाले. "म्हातारीला म्हाईत न्हाय."

पुढचा अर्धा तास ओपीडी थांबली. बाहेरच्या लोकांना सिस्टरनी समजावलं, कुणी आवाज केला नाही. कधी येतं, किती वेळ राहतं, काही ठरवलंय का, कशामुळे मागे फिरता, हे सगळं विचारलं. ठरवलेलं काही नव्हतं. नातीचं नाव घेतल्यावर डोळे भरले. आबांच्या परवानगीनं म्हातारीला आत बोलावलं, पुतण्याला फोन लावला. घरातली फवारणीची औषधं आजच पुतण्याच्या घरी, कुलपात. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोठ्या अंकात कागदावर लिहून दिला. 2022 च्या ऑक्टोबरपासून ही सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथूनच एकदा लावून दाखवला, म्हणजे पुढच्या वेळी बिचकणार नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य पथकाच्या मानसोपचारतज्ज्ञांशी मीही बोलले. आशाताई रोज संध्याकाळी डोकावतील, आबा गुरुवारी परत येतील.

18 जुलै, शुक्रवार

आबा काल आले होते. क्रिएटिनिन वाढलंय, थोडंच, पण डायक्लोफेनॅक आता बंद म्हणजे बंद. पॅरासिटामॉल, गुडघ्याला चोळायला जेल, पाणी काढायला अस्थिरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी. रात्री झोपेला आणि वेदनेला आम्ही सहज देतो ती अॅमिट्रिप्टिलिन आबांना चालणार नाही, प्रोस्टेटमुळे लघवी अडते. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं सर्ट्रालिन, छोट्या डोसपासून. हे औषध आणि डायक्लोफेनॅक एकत्र गेलं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून हाडाची चिठ्ठी एकीकडे आणि मनाची दुसरीकडे असं चालतच नाही. दोन्ही गोळ्या कुणीतरी एका नजरेखालून घालायला हव्यात. तो माणूस गावात एकच असतो, आरोग्य केंद्राचा डॉक्टर.

आज दुसऱ्या टोकाचं प्रकरण आलं. बत्तीस वर्षांची सून, सासूबरोबर. सासूच बोलली, "हिला कायबी झालेलं न्हाय. टेन्शन घेती. मोठ्या डाक्टरानंबी तेच सांगितलं." खरंच, खाजगीतल्या कागदावर तसंच होतं, सोबत झोपेची गोळी. मुलगी खाली बघून बसलेली. मी म्हटलं, म्हशीची धार कोण काढतं?

"मीच काढायची. आता सकाळची जमंना. दहा वाजंस्तवर मूठच वळत न्हाय."

दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. मनगटं फुगलेली, बोटांच्या मुळाशी असलेली चारही पेरं मऊ सुजलेली, गरम, आडवी दाबली तशी ती कळवळली. तीन महिन्यांपासून हे चाललंय. हा आमवात, र्‍हुमॅटॉइड. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासापलीकडे, लहान सांध्यांत, दोन्ही बाजूंना सारखा. हे विचारायला दोन मिनिटं लागतात. झिजेसारखं याच्यात थांबता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात.

तिलाही ते दोन प्रश्न विचारले. उत्तरं आली तेव्हा सासूला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती खचलेली आहेच. दुखतं आणि कुणी खरं मानत नाही, मग कोण खचणार नाही? शिवाय या आजारात अंगातला दाहच मन आणि झोप बिघडवतो. तिचं दुखणं मनाचं नाही आणि तिचं मन ठीकही नाही. ही दोन्ही वाक्यं केसपेपरवर लिहिली. सासूला आत बोलावून हात दाखवले, सूज तिला स्वतःला दाबून बघायला लावली. सासू गप्प झाली. मग म्हणाली, "मला वाटलं नाटकं करती."

23 जुलै

जिल्ह्याच्या मासिक बैठकीला निघण्यापूर्वी थोडी आकडेमोड केली. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला 1996 पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं घरोघर सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. गावातला दर पाचवा-सहावा माणूस. त्या मानानं आमच्या मासिक अहवालात सांधेदुखीला नीटसा रकानाही नाही.

बैठकीत एक सहकारी म्हणाले, तीन मिनिटांच्या ओपीडीत मन कुठे विचारत बसणार? त्यांचं खरं आहे, गर्दी खरी आहे. पण गोव्यात 2010 साली पुरा झालेला मानस प्रयोग याच प्रश्नावर होता. सरकारी केंद्रं आणि खाजगी दवाखाने मिळून 24 ठिकाणी 2796 रुग्ण. आरोग्याचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन डॉक्टरच्या जोडीला बसवलं. सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. आमच्याकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत. सगळं डॉक्टरनंच करायचं नाहीये. डॉक्टरनं विचारायला सुरुवात करायची आहे आणि औषधांवर नजर ठेवायची आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांधेदुखी आणि नैराश्य दोन्ही असलेले 1001 वयस्क रुग्ण होते. त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांच्या नैराश्याची प्राथमिक दवाखान्यातच नीट काळजी घेतली गेली. वर्षानंतर त्यांचं नैराश्य कमी झालंच, सांध्यांची वेदना आणि तिच्यामुळे अडणारी कामंही कमी झाली. हे मी बैठकीत वाचून दाखवलं. दोघांनी कागदाचा फोटो काढून घेतला.

29 जुलै, नागपंचमी

आक्का आल्या. सणाच्या दिवशी ओपीडी रिकामी, निवांत बोलता आलं.

त्यांना ड्युलॉक्सेटिन सुरू केलंय, नैराश्यावर आणि गुडघ्याच्या वेदनेवर दोन्हीकडे चालणारं. आमच्या साठ्यात नसतं, ग्रामीण रुग्णालयात पथक येतं त्या दिवशी मिळतं. पहिला आठवडा मळमळलं. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी सोडलं नाही. न सांगता दिलं असतं तर तिसऱ्या दिवशी गोळी परसात गेली असती. रक्तदाब पाहिला, ठीक आहे.

पण आक्कांना खरा आधार दिला तो उपकेंद्राच्या अधिकारी ताईंनी. त्यांनी आक्कांबरोबर बसून एक यादी केली. आधी काय काय करायचात आणि आता काय सुटलंय? हरिपाठ, परसातलं फुलझाड, बहिणीकडे जाणं, भजन. त्यातलं सगळ्यात सोपं आधी धरायचं, ठरलेल्या वेळी करायचं, मन लागो न लागो. मन लागायची वाट बघून काम सुरू होत नसतं. काम सुरू झालं की मन मागून येतं. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत तपासून पाहिलेली ही रीत आहे. पहिल्या आठवड्यात फक्त फुलझाडाला पाणी. दुसऱ्यात सकाळचा हरिपाठ, ओट्यावर बसून, मोठ्यानं.

व्यायामही यातच बसवला. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. आक्का आकडे मोजत नाहीत, "विठ्ठल विठ्ठल" म्हणतात. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, जमेल तेवढं. संडासात बसायला मधून कापलेली प्लास्टिकची खुर्ची.

भजनाचं काय? आक्का गप्प. ताईंनी त्याचा मार्ग आधीच काढून ठेवला होता. भजनी मंडळातल्या आणखी दोघींचे गुडघे धरलेले आहेत, त्याही याच कारणानं यायच्या बंद झाल्यात. एक खुर्ची असली तर लाज वाटते. मंडळानं तीन खुर्च्या मांडायच्या ठरवल्या.

6 ऑगस्ट

धुवाधार पाऊस. एसटी आलीच नाही. ओपीडीत फक्त जवळच्या वाड्या.

13 ऑगस्ट, बुधवार

आबांचा रक्तदाब 146/88, नुसती डायक्लोफेनॅक आणि ती पुडी सुटल्यानं बराच फरक. क्रिएटिनिन खाली आलंय. नऊ प्रश्नांची बेरीज 19 वरून 11. नवव्या प्रश्नाला "आता न्हाय येत तसं, एखांद्या येळी कुठंतरी." ते "कुठंतरी" मी जसंच्या तसं लिहून घेतलं. औषध चालू, आशाताईंच्या फेऱ्या चालू, फवारणीच्या औषधांचं कुलूपही तसंच. बरं वाटायला लागल्याबरोबर ही तिन्ही सोडायची घाई घरच्यांना होते, आणि नेमकं तेव्हाच जपावं लागतं.

पाराला कठड्यासारखा एक लोखंडी दांडा पुतण्यानं रोवलाय. आबा तो धरून एकटे उठतात. हे मला आबांनी दोनदा सांगितलं.

20 ऑगस्ट

सुनेचे रिपोर्ट आले, आमवात पक्का. साताऱ्याहून मेथोट्रेक्सेट सुरू झालंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. फार्मासिस्टनी पाकिटावर "फक्त रविवार" असं लाल पेनानं लिहिलं, मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, सासूकडून म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोलिक अॅसिड. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, त्याचीही सोय लावली. रक्ताच्या तपासण्या इथंच होतील. झोपेची गोळी बंद. मनासाठी वेगळं औषध तूर्त नाही, दर पंधरवड्याला ताईंशी बोलणं आहे. हात उतरू लागले की मनाचं काय होतं ते पाहून ठरवू.

सकाळची धार आता सासू काढते.

1 सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवणार आज. गावं चाकरमान्यांनी भरलीत. दुपारी आबांचा मुलगा भेटायला आला, एकटाच. "मुंबईला नेऊन वाटी बदलून टाकू का? खर्चाचं बघतो मी." मी म्हटलं, बदलावी लागेल कदाचित, उजवा गुडघा बराच गेलाय. पण आधी मन सावरू द्या. खचलेल्या मनानं ऑपरेशनला गेलेल्या माणसाचं दुखणं नंतरही तितकंसं हटत नाही, व्यायामाला तो उठत नाही, आणि उत्तम झालेलं ऑपरेशनही वाया गेल्यासारखं वाटतं. दिवाळीनंतर ठरवू. तोवर रोज फोन करा, पाच मिनिटं.

"फोन करतोच की. गुडघे कसे आहेत विचारतो, ते बरंय म्हणतात."

मुलानं जुलैतलं मला विचारलं नाही आणि आबांना विचारल्याशिवाय मीही सांगितलं नाही. आबांनी हो म्हटल्यावर पुढच्या वेळी तिघं बसून बोलू.

8 सप्टेंबर, सोमवार

विसर्जन आटोपून माणसं परवा-कालच्या गाड्यांनी परत गेली. आक्कांची बेरीज आज 7. पुढच्या आषाढीबद्दल त्यांनी विचारलं. पायी पूर्ण वाट जमेलसं वाटत नाही, तेही मी सांगितलं. शेवटचे दोन मुक्काम चालता येतील का ते वैशाखात बघू.

आजपासून आमच्या केंद्रात सांधेदुखीच्या प्रत्येक केसपेपरवर शिक्का मारतोय: झोप, दोन प्रश्नांची बेरीज, दुखण्याच्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. तीन ओळींचा शिक्का, तालुक्याच्या गावी दीडशे रुपयांत करून मिळाला. इतर केंद्रांतल्या माझ्या सहकाऱ्यांना माझं सांगणं आहे, परवानगीची वाट न बघता हा शिक्का करून घ्या. आणि ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांनी फोनवर गुडघ्यांचं विचारून झालं की झोप लागते का, बाहेर जाताय का, हेही विचारावं. उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवू नये. नंतर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावं, गुडघ्यासाठी म्हणूनच पाठवलं तरी चालेल. बाकीचं आम्ही विचारू.